पारी/जीपी : सतरा अंकी डेम्लो संख्येच्या कसोटीवर

संख्यांचा हिशेब करणाऱ्या संगणकप्रणालीची परीक्षा घ्यायची म्हटली, की बहुतेक जण तिच्यापुढे शंभर-दोनशे अंकांची एखादी अगडबंब संख्या टाकतात आणि उत्तर किती सेकंदांत आले ते सांगून मोकळे होतात. अशा परीक्षेत प्रणालीचा वेग कळतो. पण उत्तर बरोबर आहे की नाही आणि त्या उत्तरातून वापरणाऱ्याच्या पदरात काय पडले, हे कळत नाही. म्हणून ‘पारी/जीपी’ या संख्यासिद्धांताच्या (नंबर थिअरीच्या) प्रणालीचे परीक्षण करताना मी मुद्दाम बेताच्या आकाराची एकच संख्या घेतली आहे: १२३४५६७८९८७६५४३२१. आपल्या जुन्या ‘एकं, दहं, शतं’च्या मोजणीत तिचा पहिला अंक ‘मध्य’ या स्थानी पडतो, म्हणजे परार्धाच्या एकच घर अलीकडे. रोजच्या हिशेबयंत्राला ती झेपत नाही इतकी ती मोठी आहे, आणि तरीही तिचा जवळजवळ प्रत्येक गुणधर्म कागद-पेन्सिलीने पडताळून पाहता येईल इतकी ती सुबक आहे. प्रणाली काय सांगते आणि काय सांगायचे टाळते, हे तपासायला असाच नमुना हवा.

ही संख्या म्हणजे ओळीने नऊ एक लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग होय. एकाचा वर्ग १, अकराचा १२१, एकशे अकराचा १२३२१, याप्रमाणे चढत जाणाऱ्या या मालिकेला ‘अद्भुत डेम्लो संख्या’ म्हणतात आणि ते नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्याकडून आलेले आहे. कापरेकर (१९०५–१९८६) हे १९३० ते १९६२ या काळात देवळालीला शाळाशिक्षक होते. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर, तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवरील डेम्लो स्थानकात, म्हणजे आजच्या डोंबिवलीत, त्यांना या संख्यांची कल्पना सुचली. त्यांची ६१७४ ही संख्या ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून जगभर पोचली. डेम्लो संख्यांच्या वाट्याला तेवढी प्रसिद्धी आली नाही. माझ्या मते त्यांच्यात खणण्यासारखे ६१७४ पेक्षा कितीतरी अधिक आहे.

पारी/जीपी हे फ्रान्समधील बोर्दो येथे तयार झालेले आणि आजही तिथूनच सांभाळले जाणारे मुक्त सॉफ्टवेअर आहे. हेन्री कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात त्याचा पाया घातला. किंमत काहीच नाही. ते लिनक्स, विंडोज आणि मॅकवर चालते, अँड्रॉइड फोनसाठी ‘पारीड्रॉइड’ नावाचे ॲप आहे, आणि काहीही न बसवता नुसते चाखून पाहायचे असेल तर ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्तीही आहे. उघडल्यावर दिसते ती कोरी खिडकी आणि तिच्यात एक प्रश्नचिन्ह. बटणे नाहीत, रंग नाहीत, स्वागत नाही. प्रश्नचिन्हापुढे आज्ञा लिहायची आणि एंटर दाबायचे, एवढाच व्यवहार. ज्यांना सजवलेल्या पडद्याची सवय आहे त्यांचा पहिल्याच मिनिटाला हिरमोड होईल. पण हा कोरडेपणा पुढे फायद्याचा ठरतो, कारण लक्ष विचलित करणारे समोर काहीच उरत नाही.

पहिली कसोटी अगदी प्राथमिक आहे: दिलेली संख्या जशीच्या तशी लक्षात ठेवणे. ही अपेक्षा फार वाटत नाही, पण घरोघरी असलेली साधने इथेच गळतात. एक्सेलच्या रकान्यात आपली संख्या टाकली, तर ते पहिले १५ अंक सांभाळते आणि उरलेल्या दोन जागी शून्ये भरून १२३४५६७८९८७६५४३०० असे दाखवते. ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट तिचा साधी संख्या म्हणून विचार करते तेव्हा शेवटचा एक नाहीसा होऊन १२३४५६७८९८७६५४३२० उरते. जावास्क्रिप्टच्या या चुकीचे कारण असे, की ती पूर्णांकासाठी ५३ बिटांची जागा राखते, तर आपल्या संख्येला ५४ बिट लागतात. त्या टप्प्यात फक्त सम संख्याच बिनचूक साठवता येतात आणि आपली संख्या विषम आहे. म्हणजे चूक अवघ्या एकाची. परंतु विभाज्यतेच्या प्रश्नात एकाची चूक म्हणजे सगळेच चुकले. पारी/जीपी मध्ये पूर्णांकाला अशी ठरावीक लांबी नाही. मेमरी पुरेल तिथपर्यंत प्रत्येक अंक खरा असतो, आणि नऊ एकांचा वर्ग मागितला की सतराच्या सतरा अंक हजर होतात.

दुसरी कसोटी मूळ अवयवांची. ‘फॅक्टर’ ही आज्ञा दिल्याबरोबर उभ्या तक्त्यात तीन ओळी येतात: ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग. वेळ मोजण्याची सोय चालू करून पाहिली तरी हाती शून्यच लागते, इतके हे काम तिच्या दृष्टीने किरकोळ आहे. उत्तर बरोबर आहे. मात्र ३७ आणि ३३३६६७ हेच दोन पाहुणे इथे का, यावर प्रणाली चकार शब्द काढत नाही. ते आपल्याला शोधावे लागते आणि ते अवघड नाही. नऊ एकांचे तीन-तीनचे गट पाडले, तर १११११११११ म्हणजे १११ गुणिले १००१००१ हे डोळ्यांनाच दिसते. पैकी १११ म्हणजे ३ × ३७, आणि १००१००१ च्या अंकांची बेरीज ३ असल्यामुळे त्यालाही तिनाने भाग जातो व भागाकार ३३३६६७ येतो. ही संख्या मूळ आहे, असे प्रणाली सांगते आणि त्यावर विसंबायला हरकत नाही; कोणाला खात्री करायचीच असेल तर ५७७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिले की पुरते.

तीन ओळींचा हा तक्ता हाती आला की पुढची अनेक उत्तरे तोंडी काढता येतात आणि प्रणालीच्या उत्तरांशी ताडून पाहता येतात. घातांक ४, २ आणि २ आहेत, म्हणून एकूण विभाजक ५ × ३ × ३, म्हणजे ४५. विभाजकांची संख्या विषम येणे हे पूर्ण वर्गाचे लक्षणच आहे. सर्व विभाजकांची बेरीज प्रणाली १८९५४२७९५९२८२७५७९ अशी देते. ही बेरीज आपल्या संख्येच्या दुपटीपेक्षा कमी आहे, तेव्हा ती ‘न्यून’ प्रकारातली ठरते. ही माहिती फारशी रोचक नाही. अंकांची बेरीज मात्र रोचक आहे: एकापासून नवापर्यंत चढत जाऊन पुन्हा एकापर्यंत उतरताना ती ८१ होते, आणि अवयवांमध्ये ३ चा चौथा घात, म्हणजे ८१, आधीच बसलेला आहे. जिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो तिला ‘हर्षद संख्या’ म्हणतात, आणि हे नावही कापरेकरांचेच. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग. आठ वगळून लिहिलेली ही १२३४५६७९ पुढे पुन्हा भेटणार आहे.

संख्या दोन्ही बाजूंनी सारखीच का वाचता येते, हे विचारण्याची सोय कोणत्याच प्रणालीत नाही. त्यासाठी शाळेतला उभा गुणाकार मांडावा. नऊ एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. मग उजवीकडून पहिल्या स्तंभात एक १, दुसऱ्यात दोन, असे वाढत मधल्या स्तंभात नऊ एक जमतात आणि पुढे पुन्हा कमी होत जातात. कोणत्याही स्तंभाची बेरीज नवाच्या पुढे जात नाही, म्हणून हातचा घ्यावाच लागत नाही आणि डोंगर अभंग राहतो. अंकांची बेरीज नवाचा वर्ग होण्याचे कारणही तेच. दहा एकांचा वर्ग प्रणालीला विचारला तर ती १२३४५६७९००९८७६५४३२१ असे उत्तर देते: मधल्या दहाचा हातचा शेजारच्या नवात मिळवला, त्याचे दहा झाले, पुन्हा हातचा आला आणि आठाचे नऊ झाले. डोंगर तिथेच ढासळला. दशमान पद्धतीत बिनहातच्याची ही शेवटची पायरी नवाची आहे.

कापरेकरांनीच मांडलेल्या आणखी एका कल्पनेवर पारी/जीपी ची आज्ञा-भाषा तपासता येते. एखादी संख्या घ्यावी आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. अशा रीतीने जी संख्या दुसऱ्या कोणत्याही संख्येपासून निर्माण होऊ शकत नाही, ती स्वयंभू. या संख्यांना देवळाली संख्या असेही म्हणतात. आपली संख्या स्वयंभू आहे का, यासाठी तयार आज्ञा नाही. पण अंकांची बेरीज देणारी ‘सम-डिजिट्स’ आहे आणि एका ओळीत फेरा (लूप) लिहिता येतो. सतरा अंकांची बेरीज १५३ च्या वर जाऊ शकत नाही, म्हणून आपल्या संख्येच्या मागच्या १५३ संख्या तपासल्या की काम संपले. फेरा एकच नाव छापतो: १२३४५६७८९८७६५४२४०. तिच्या अंकांची बेरीज ८१ आणि त्या दोहोंची मिळवणी केली की आपली संख्या परत येते. तेव्हा ती स्वयंभू नाही. तिला एक, आणि एकच, जनक आहे. अशी छोटी विचारणा जिथल्या तिथे, वेगळा प्रोग्रॅम न लिहिता करता येणे, हे मला या प्रणालीचे सर्वात मोठे बलस्थान वाटते.

आता तिची एक खोड. आपल्या संख्येच्या अवयवांपैकी ३७ ला चाराने भागले तर बाकी १ उरते, म्हणून तिचा वर्ग दोन शून्येतर वर्गांच्या बेरजेत मांडता येतो; १२, ३५ आणि ३७ हे पायथागोरसचे त्रिकूट शाळेच्या पुस्तकातही असते. तेव्हा आपली संख्याही दोन वर्गांची बेरीज असणार. यासाठी प्रणालीत ‘क्यूएफबी-सॉल्व्ह’ ही आज्ञा आहे; पण ती नेहमीच्या रूपात वापरली तर उत्तरादाखल रिकामा कंस मिळतो. पाहणाऱ्याची समजूत अशी होईल, की उत्तरच नाही. वस्तुतः ही आज्ञा, वेगळी सूचना दिली नाही तर, ज्यांच्यात सामाईक अवयव नाही अशाच जोड्या शोधते, आणि आपल्या जोडीत ३००३००३ हा सामाईक अवयव आहे. सूचना बदलली की जोडी मिळते: ३६०३६०३६ आणि १०५१०५१०५. ज्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण १११११११११ आहे, त्याच्या बाजू इतक्या तालबद्ध असाव्यात, याचे नवल वाटल्याशिवाय राहत नाही. हे वागणे मदतग्रंथात स्पष्ट नोंदवलेले आहे, तेव्हा त्याला दोष म्हणता येणार नाही. पण ही प्रणाली विचारलेल्या प्रश्नाचेच काटेकोर उत्तर देते आणि ‘तुम्हाला बहुधा हे विचारायचे असेल’ असे कधीही सुचवत नाही, हे नव्या माणसाने ध्यानात ठेवावे.

या संख्येचे खरे वैभव तिच्या व्यस्त संख्येत आहे, आणि तिथे प्रणालीचाही कस लागतो. एक भागिले आपली संख्या असे लिहिले, तर पारी/जीपी तोच अपूर्णांक जसाच्या तसा परत देते. पूर्णांकांचा भागाकार ती अपूर्णांकातच ठेवते आणि न विचारता दशांशात उतरत नाही. हा स्वभाव मला योग्यच वाटतो. दशांश हवा असेल तर एकाऐवजी १.० लिहावे लागते. तसे केले, की नेहमीच्या ३८ अंकांच्या अचूकतेने पडद्यावर ८.१००००००१६२००००००२४३००००००३२४००००००४०५ हे अंक आणि त्यापुढे दहाचा उणे सतरावा घात दिसतो. हे अंक नीट वाचावेत. दहाचा घात न वापरता पूर्ण दशांश लिहून दशांशचिन्हानंतर नऊ-नऊ अंकांचे गट पाडले, तर ते असे पडतात: ०००००००००, ०००००००८१, ००००००१६२, ००००००२४३, ००००००३२४, ००००००४०५. हा एक्क्याऐंशीचा पाढा आहे. तो कोणी सांगितलेला नाही. भागाकार आपोआप तो म्हणत सुटतो.

असे का होते, याचे उत्तर त्या आठ वगळलेल्या संख्येत आहे. ती ८१ ने गुणली की ९९९९९९९९९ येतात, आणि आपली संख्या म्हणजे ९९९९९९९९९ × १२३४५६७९. दुसऱ्या शब्दांत, नऊ नवांच्या वर्गाला ८१ ने भागले की आपली संख्या मिळते. म्हणून तिची व्यस्त संख्या म्हणजे ८१ भागिले नऊ नवांचा वर्ग. एक भागिले नऊ नवांचा वर्ग या अपूर्णांकाचे दशांश नऊ-नऊ घरांच्या गटांत १, २, ३, ४ अशी साधी मोजणी करत जातात. तिला ८१ ने गुणले की मोजणीचा पाढा होतो. याच नात्यामुळे आपल्या संख्येचे आठ आणि नऊ अंकांचे दोन तुकडे करून १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१ यांची बेरीज केली, तर बरोबर ९९९९९९९९९ मिळतात.

पाढा कुठवर चालतो, हा पुढचा प्रश्न ओघानेच येतो. नऊ घरांत ९९९९९९९९९ च्या पुढे जागा नाही आणि पाढा त्या टोकाला १२३४५६७९ व्या पायरीवर पोचतो. तिथे हातच्यांची थोडी गडबड होते: पुढच्या पायरीचा हातचा मागे येतो, ९९९९९९९९९ चे एका फटक्यात ००००००००० होतात, त्यांच्या आधीचा ९९९९९९९१८ हा गट ९९९९९९९१९ होतो, आणि पाढा पुन्हा ०००००००८१ पासून सुरू होतो. म्हणजे एका आवर्तनात नऊ-नऊ अंकांचे १२३४५६७९ गट आहेत. त्यांचा गुणाकार केला की आवर्तनाची लांबी मिळते: १११११११११. आपल्या संख्येच्या व्यस्त संख्येचे दशांश अंक जितक्या अंकांनंतर पुन्हा सुरू होतात, ती लांबी म्हणजे आपल्या संख्येचे वर्गमूळच.

हीच गोष्ट पारी/जीपी ला ‘झेडएन-ऑर्डर’ या आज्ञेने विचारता येते. दहाचा कितवा घात घेतला म्हणजे आपल्या संख्येने भागल्यावर बाकी १ उरते, असा त्या प्रश्नाचा अर्थ. उत्तर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच १११११११११ असे येते. इथे प्रणालीच्या कारागिरीला दाद द्यावी लागते, कारण अकरा कोटींहून अधिक घात एकामागून एक तपासत बसण्याऐवजी ती अवयवांचा तक्ता वापरते: ८१ साठी ९, ३७ च्या वर्गासाठी १११, ३३३६६७ च्या वर्गासाठी ३००३००३, आणि या तिघांचा लसावि. कागदावर तो काढून पाहिला तर तोच आकडा मिळतो. पण पुन्हा तेच: उत्तरात वर्गमूळ डोकावते आहे, हे प्रणाली सांगत नाही. ते ज्याने आधी नऊ एक लिहिले असतील त्यालाच दिसते.

मर्यादांविषयी थोडे. मोठ्या संख्येचे अवयव पाडताना ही प्रणाली मुकी होते. किती काम झाले, किती उरले, याचा काहीही पत्ता तिच्या नेहमीच्या रूपात लागत नाही. आतली प्रगती पाहायची असेल तर तपशील दाखवण्याची पातळी आपण होऊन वाढवावी लागते. दोन-अडीचशे अंकांच्या, केवळ दोन प्रचंड मूळ अवयव असलेल्या संख्या हा तिचा प्रांतच नव्हे. आरएसए-२५० या २५० अंकी आव्हान-संख्येचे अवयव २०२० मध्ये निघाले, ते एका वेगळ्याच यंत्रणेने आणि हजारो संगणकगाभ्यांच्या बळावर. दुसरे असे, की एखादी संख्या मूळ आहे असे म्हणताना ‘इझ-प्राइम’ ही आज्ञा सिद्धता देते, तर ‘इझ-स्यूडोप्राइम’ केवळ एक अत्यंत विश्वसनीय चाचणी लावते, जिला फसवणारी संख्या आजवर सापडलेली नाही, पण तशी ती असूच शकत नाही असेही कोणी सिद्ध केलेले नाही. ‘फॅक्टर’ च्या तक्त्यातील मोठे अवयवही वेगळी सूचना दिली नाही तर याच दुसऱ्या चाचणीवर उत्तीर्ण झालेले असतात. ३३३६६७ सारख्या लहान संख्येला याने काही फरक पडत नाही. परंतु १०३१ एकांची संख्या मूळ आहे, असे लिहिताना कोणत्या आज्ञेने विचारले हे सांगायला हवे.

मेमरीचे गणितही आपल्यालाच सांभाळावे लागते. सुरुवातीला प्रणाली आपल्या कामासाठी सुमारे ८० लाख बाइटची जागा धरते; वरच्या अपूर्णांकाचे अख्खे आवर्तन एका दमात मागितले तर एवढ्या जागेत ते मावणार नाही हे उघड आहे, आणि ती वाढवण्याची आज्ञा द्यावी लागते. मदतग्रंथ इंग्रजीत आहे, सविस्तर आहे, पण तो गणित येणाऱ्यासाठी लिहिलेला आहे. एका प्रश्नचिन्हाने दोन ओळींचा सारांश मिळतो आणि दोन प्रश्नचिन्हांनी पूर्ण प्रकरण. देवनागरी अंक चालत नाहीत. मराठी कळफलकावरून टाइप करण्याची सवय असेल तर आधी कळफलक बदलावा, नाहीतर पहिल्याच आज्ञेला चूक दाखवली जाईल. आलेखांची सोय आहे, पण ती नावापुरती समजावी.

महाविद्यालयातील संख्यासिद्धांताच्या विद्यार्थ्याला, गणितमंडळ चालवणाऱ्या शिक्षकाला आणि कापरेकरांच्या वाटेने अंकांशी खेळणाऱ्या कोणालाही मी ही प्रणाली निःशंकपणे सुचवेन. फक्त अवयव पाहायचे असतील तर इतका खटाटोप नको. ते काम करणारी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. तिचा उपयोग एका उत्तरावरून दुसऱ्या प्रश्नाकडे जाणाऱ्यालाच आहे. उदाहरणार्थ, आवर्तनाची लांबी वर्गमूळाइतकी येणे हा नियम आहे की नवाचा योगायोग, हे एकोणीस एकांवर पाहता येते. एकोणीस एकांची संख्या मूळ आहे, तेव्हा तिच्या वर्गाला अवघे तीन विभाजक. तिच्या बाबतीत ‘झेडएन-ऑर्डर’ २११११११११११११११११०९ असे उत्तर देते, म्हणजे वर्गमूळाच्या १९ पट. याचे कारण कागदावर दोन ओळींत निघते: जितके एक असतील त्या आकड्याने वर्गमूळाला गुणायचे, आणि त्या आकड्याचा व नवाचा जो मसावि असेल त्याने भागायचे, ही आवर्तनाची लांबी. ती वर्गमूळाइतकी व्हायची तर एकांची संख्या नवाची विभाजक हवी. म्हणजे १, ३ किंवा ९, चौथा पर्याय नाही. हातच्याने घातलेली नवाची मर्यादा आणि मसाविने घातलेली नवाची मर्यादा एकाच संख्येवर येऊन थांबतात, कारण दोन्हींच्या मुळाशी दहा वजा एक आहे.

ज्यांना नऊ एकांचे आवर्तन पडद्यावर मावत नाही याची खंत वाटेल, त्यांनी तीन एकांची डेम्लो घ्यावी. अचूकता १२० अंकांवर न्यावी आणि १.० भागिले १२३२१ असे विचारावे. तीन-तीन अंकांच्या गटांत ०८१, १६२, २४३, ३२४ हाच पाढा सुरू होतो, हजाराची वेस ओलांडताना हातच्यांनी थोडा मुरडतो, आणि बरोबर १११ अंकांनी पुन्हा पहिल्यापासून चालू होतो. एका नजरेत सगळे मोजून घेता येते.